पालकांचे प्रश्न : पहिलीचा वर्ग आणि घरची तयारी

प्रश्न : माझी मुलगी यंदा एका अनुदानित मराठी शाळेत पहिलीत गेली. शाळा सकाळी साडेनऊला भरते. पहिल्याच पालकसभेत वर्गशिक्षिकांनी निक्षून सांगितले की, मूल परिपाठाआधी शाळेत हवे, दप्तर त्याने स्वतः भरावे, डबा त्याला स्वतः उघडता यावा आणि पालकांनी वर्गापर्यंत येऊ नये. लघवीला मधल्या सुट्टीतच जायचे, असाही नियम आहे. सहा वर्षांच्या मुलीकडून एवढी शिस्त अपेक्षित धरणे मला जाचक वाटते. पाच-दहा मिनिटांच्या उशिराने असे काय बिघडते?
— एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : आपण उशिराचा मुद्दा शेवटी मांडला आहे, पण मी त्याच्यापासूनच सुरुवात करते, कारण पालकांना तो सर्वांत किरकोळ वाटतो आणि मुलाला त्याचाच सर्वाधिक त्रास होतो. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला 200 दिवस आणि 800 तास अध्यापनाचे ठरवले आहेत, म्हणजे दिवसाला सरासरी चारच तास. रोज दहा मिनिटे उशीर झाला, तर वर्षाअखेरीस तेहतीस तासांहून अधिक, म्हणजे शाळेचे जवळजवळ आठ दिवस हातचे जातात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना आणि हजेरी या क्रमात लहान मूल घरातून निघून वर्गात येते, म्हणजे मनानेही येते. हजेरीनंतर बाई आज काय करायचे ते सांगतात. ज्या मुलीने ते ऐकलेलेच नसते, ती सगळ्यांच्या नजरा झेलत आत येते, शेजारणीच्या पाटीकडे बघून हात चालवते आणि आपल्याला काही येत नाही असा समज हळूहळू करून घेते. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय राज्य शासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये घेतला, तो मुलांची झोप पुरी व्हावी म्हणूनच. या वयाला रात्रीची किमान नऊ तास झोप लागते. त्यामुळे सकाळची घाई टाळायची असेल, तर बदल रात्रीच्या जेवणाच्या वेळेत करावा लागेल.

दप्तर आणि डबा यांबाबत मी पूर्णपणे बाईंच्या बाजूची आहे. कायद्यानुसार प्राथमिक वर्गात तीस मुलांमागे एक शिक्षक असतो. तीस मुलांपैकी दहा जणांना डब्याचे झाकण निघत नसेल, तर बाईंची मधली सुट्टी झाकणे काढण्यात जाते आणि रांगेतल्या शेवटच्या मुलाला दोन घासांत घंटा ऐकू येते. नवा डबा, पाण्याची बाटली, चपलेचा पट्टा, चड्डीचा हूक हे सगळे मुलीने घरी आपल्या हाताने चार वेळा करून पाहिले पाहिजे, आणि जे जमत नसेल ते बदलून सोपे आणले पाहिजे. घट्ट झाकणाचा सुंदर डबा मोठी झाल्यावर वापरता येईल. दप्तर रात्री वेळापत्रक समोर ठेवून तिने भरावे, आपण फक्त शेजारी बसावे. एखादी वही राहिली तरी लगेच हात घालू नये. ‘उद्या चित्रकला आहे ना?’ एवढे विचारणे पुरते. आठवडाभरात तिचे तिला आठवू लागते. केंद्र शासनाच्या 2020 च्या दप्तर धोरणानुसार दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंतच असावे. वीस किलोच्या मुलीच्या पाठीवर दोन किलो, एवढाच त्याचा अर्थ, आणि त्यात भरलेली पाण्याची बाटलीही आली.

फाटकाशी निरोप घेण्याच्या नियमाला मात्र पहिले दोन-तीन आठवडे सवलत असावी असे मला वाटते. रडणाऱ्या मुलाची नजर चुकवून निघून जाऊ नये, त्याने दुसऱ्या दिवशीचे रडणे वाढते. मुलीला घड्याळ कळत नाही, पण क्रम कळतो. ‘खिचडी खाऊन झाली की दोन तास होतील, मग आजोबा फाटकाशी उभे असतील’ असे सांगावे आणि आजोबांनी खरोखर तिथे उभे असावे.

लघवीचा नियम चुकीचा आहे आणि तो बदलायलाच हवा. या वयाची मुले लघवी फार वेळ रोखू शकत नाहीत. रोखायची सवय लागली की मूत्रमार्गाचा संसर्ग आणि बद्धकोष्ठता मागे लागते, आणि पुष्कळ मुली तर शाळेत पाणी पिणेच सोडतात. चार पालकांनी मिळून बाईंना शांतपणे भेटावे. सगळी मुले एकदम उठतात ही त्यांची अडचण खरी आहे. एका वेळी एकानेच हात वर करून जायचे, असे ठरवले की ती सुटते.

प्रश्न : माझ्या पहिलीतल्या मुलाला शाळेतून गृहपाठच मिळत नाही. शेजारची मुले रोज पाने भरून लिहितात. मी घरी लिहून घ्यावे का?
— एक वडील, नाशिक

उत्तर : घेऊ नये. वर उल्लेख केलेल्या धोरणानुसारच दुसरीपर्यंत गृहपाठ नाही आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, तेव्हा आपली शाळा योग्य तेच करते आहे. बोटांचे स्नायू पुरेसे तयार नसताना पाने भरायला लावली, तर अक्षर बिघडते आणि लिहिण्याचा कंटाळा मनात बसतो. संध्याकाळी दहा-पंधरा मिनिटे त्याला मांडीवर घेऊन गोष्ट वाचून दाखवावी, शेंगा सोलायला आणि मोजायला बसवावे. ‘आज काय शिकवले?’ या प्रश्नाला बहुतेक मुले ‘काही नाही’ म्हणतात. ‘आज कोणाशेजारी बसलास? परिपाठात गोष्ट कोणी सांगितली?’ असे विचारले की सगळा दिवस बाहेर येतो. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर रोज वहीचे फोटो मागणेही टाळावे, ही माझी कळकळीची विनंती आहे, कारण तो वेळ बाईंच्या दुसऱ्या दिवशीच्या तयारीतून जातो.

प्रश्न : नातू जिल्हा परिषद शाळेत दुसरीत आहे. वही विसरला म्हणून त्याला तासभर वर्गाबाहेर उभे केले. आम्ही बोललो तर त्याच्यावर राग निघेल, अशी सुनेला भीती वाटते.
— एक आजी, बीड जिल्हा

उत्तर : बोलायलाच हवे, आजी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करणे आणि त्याचा मानसिक छळ करणे या दोन्हींना मनाई आहे. तासभर वर्गाबाहेर ठेवले म्हणजे त्याचा तासभराचा अभ्यासही गेला. आधी गुरुजींना शाळा सुटल्यावर, नातू जवळ नसताना भेटावे आणि नेमके काय घडले ते विचारावे. बहुतेक वेळा गोष्ट तिथेच मिटते. पुन्हा तसे घडले, तर मुख्याध्यापकांना लेखी द्यावे आणि शाळा व्यवस्थापन समितीपुढे विषय ठेवावा. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, त्यामुळे सुनेला तिथे एकटे पडल्यासारखे वाटणार नाही. अर्जात तारीख आणि नातवाने सांगितलेले त्याच्याच शब्दांत लिहावे, आणि त्याला मात्र तो प्रसंग घरी पुन्हा पुन्हा सांगायला लावू नये.