'कम्यून' म्हणजे नक्की काय?

प्रश्न असा आला आहे: 'उत्तर फ्रान्समधलं एक लहानसं शेतीप्रधान कम्यून' हे मराठीत लिहिताना 'सामूहिक शेती करणाऱ्यांची वसाहत' म्हणावं का?

अजिबात नको. एका शब्दापायी सगळ्या गावाचे सातबारे एकत्र होतील! मराठीत 'कम्यून' म्हटलं की माओच्या चीनमधली सामूहिक शेती आठवते, नाहीतर १८७१ चं पॅरिस कम्यून, म्हणजे बंडखोरांनी शहर ताब्यात घेऊन चालवलेलं सरकार. आम्हा पुणेकरांना तर कोरेगाव पार्कातलं ओशो कम्यूनच. फ्रान्सच्या नकाशावरचं कम्यून यातलं काहीच नाही. डिसेंबर १७८९ मध्ये, राज्यक्रांतीच्या धामधुमीत, तिथल्या राष्ट्रसभेने गावोगावच्या कारभाराला एकच साचा दिला, तो हा. आज अशी सुमारे ३५ हजार कम्यून आहेत. मुळाशी 'सामाईक' हाच अर्थ आहे. पण सामाईक कारभार, जमीन नव्हे.

उत्तर फ्रान्सच्या सोम जिल्ह्यातलं एक गाव घ्या. पाटीवर रोमन लिपीतलं 'वाय' हे एकच अक्षर, उच्चार 'ई'. वस्ती शंभराच्या आत. भोवती गहू, बटाटे आणि साखरेच्या बीटाचा मुलूख. (तिथल्या माणसाला आपण 'ईकर' म्हटलं असतं, फ्रेंचांनी ग्रीक अक्षराच्या नावावरून 'इप्सिलोनियँ' केलं.) तरी ते पूर्ण कम्यून आहे: शंभराखालच्या वस्तीला नेमून दिलेले सात सदस्य आणि त्यांनी आपल्यातून निवडलेला मेअर. तो जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवतो, कायदेशीर लग्नंही लावतो.

सात सदस्य म्हटल्यावर 'ग्रामपंचायत' ओठांवर येणारच. महाराष्ट्रातही किमान सातच. पण दोन अडचणी आहेत. पंचायत ही कारभार पाहणारी संस्था. कम्यून म्हणजे तो कारभार जिथे चालतो ते गाव, शिवार आणि वाड्यावस्त्यांसकट. दुसरी अडचण जास्त गंमतशीर: मार्सेयसारखं मोठं शहरसुद्धा कम्यूनच. आपल्याकडे ग्रामपंचायत, नगरपरिषद, महानगरपालिका अशा पायऱ्या आहेत. तिथे 'ई'ला आणि मार्सेयला एकच शब्द. मार्सेयचा सरपंच कोणाच्या पचनी पडेल?

आणि शब्द भारताला परका नाही. फ्रेंचांच्या ताब्यात राहिलेल्या पुदुच्चेरीत 'कम्यून पंचायत' हे आजही सरकारी नाव आहे. तिथेही दोन शब्द शेजारी ठेवावे लागले, यातच काय ते आलं.

म्हणून माझं मत: प्रवासवर्णन किंवा गोष्ट असेल तर सरळ 'शेतीवर जगणारं लहानसं गाव' लिहा. निवडणूक, हद्द, लोकसंख्या यांबद्दल लिहिताना 'कम्यून' ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'फ्रान्समधला स्थानिक कारभाराचा सर्वांत लहान घटक' एवढं जोडा.

लिंगाचं म्हणाल तर फ्रेंचमध्ये ते स्त्रीलिंगी. मराठीत मी 'ते कम्यून'च म्हणतो, 'ते गाव' म्हणतो तसं.