कुत्र्याला झटके येतात तेव्हा

प्रश्न : आमचा तीन वर्षांचा कुत्रा परवा पहाटे झोपेतच ताठ झाला, पाय झाडू लागला, तोंडाला फेस आला आणि लघवीही झाली. जीभ अडकू नये म्हणून आम्ही तोंडात चमचा घालू पाहिला. तो लवकरच शांत झाला, पण नंतर बराच वेळ आम्हाला ओळखत नव्हता. हा अपस्मार आहे का? पुन्हा असे झाल्यास काय करावे?

उत्तर : तोंडात चमचा, बोट, पाणी किंवा औषध, काहीही घालू नका. कुत्रा जीभ गिळत नाही. मात्र शुद्ध नसताना तो कडाडून चावू शकतो आणि पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते. त्याला दाबून धरल्यानेही झटका थांबत नाही. आसपासच्या टोकदार वस्तू दूर करा, तो जिन्याजवळ असेल तर अलगद बाजूला सरकवा, दिवे आणि आवाज कमी करा आणि घड्याळ पाहा. त्या घबराटीत एक मिनिटही फार मोठे वाटते, म्हणून अंदाजावर विसंबू नये. घरातील दुसऱ्या कुणी मोबाइलवर चित्रण केले तर फारच चांगले, कारण हृदयविकारामुळे येणारी भोवळ आणि झटका यांतील फरक डॉक्टरांना वर्णनापेक्षा चित्रणातून अधिक नेमका कळतो.

झटका पाच मिनिटांपेक्षा अधिक लांबला, किंवा पूर्ण शुद्धीवर येण्याआधीच दुसरा आला, तर ती आणीबाणी समजून कुत्र्याला ताबडतोब दवाखान्यात न्यावे. स्नायूंच्या सततच्या हालचालीने शरीराचे तापमान धोकादायक पातळीवर जाते आणि मेंदूला इजा होऊ शकते. चोवीस तासांत दोन किंवा अधिक झटके आले, तरीही थांबू नये. नंतरचे भांबावलेपण, तात्पुरते अंधत्व, अतोनात भूक हे झटक्याचेच परिणाम असून ते काही मिनिटांपासून एखाद्या दिवसापर्यंत राहू शकतात. त्या वेळी त्याला हाका मारून बेजार करू नका.

एका झटक्यावरून अपस्माराचे निदान होत नाही. रक्तातील साखर घटणे, यकृताचे विकार, डिस्टेंपर (कुत्र्यांना होणारा विषाणूजन्य आजार), डोक्याला मार, मेंदूतील गाठ, कीटकनाशक किंवा झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) यांची विषबाधा, अशी कारणे आधी तपासावी लागतात. त्यामुळे तो काय खाऊ शकला असेल, हे आठवून सांगा. पहिला झटका सहा महिने ते सहा वर्षे या वयात आला, मधल्या काळात कुत्रा अगदी ठणठणीत असला आणि तपासण्यांत काही आढळले नाही, तर मात्र मूळ अपस्माराची, म्हणजे ज्यामागे दुसरा आजार सापडत नाही अशा अपस्माराची, शक्यता वाढते. तुमचा कुत्रा या वयोगटात आहे.

एकच छोटा झटका असेल तर डॉक्टर बहुधा औषध लगेच सुरू न करता नोंदी ठेवायला सांगतात. ते सुरू झाल्यास, बहुतेक वेळा फेनोबार्बिटोन असते; त्याने तहान, भूक आणि सुस्ती वाढते, आणि रक्तातील त्याची पातळी व यकृत अधूनमधून तपासावे लागते. झटके थांबले म्हणून ते मनाने बंद करू नका, कारण अचानक बंद केल्याने अधिक तीव्र झटके येऊ शकतात.