नज्म: तारा, माळ आणि जुर्जानीचं व्याकरण

प्रश्न असा आहे: "गझलेच्या एका कार्यक्रमात निवेदकांनी सांगितलं की 'नज्म' म्हणजे तारा, म्हणून एकटी चमकणारी कविता ती नज्म. दुसरीकडे वाचलं की जुर्जानी नावाचा कुणी अरबी पंडित नज्म म्हणजे व्याकरण असं म्हणतो. यातलं खरं काय, आणि हा जुर्जानी कोण?"

ताऱ्याचा मुद्दा आधी निकालात काढू. अरबीत हे दोन वेगळे शब्द आहेत; देवनागरीत आपण दोन्ही 'नज्म' असेच लिहितो म्हणून घोटाळा होतो. तारा या अर्थाच्या शब्दात 'जीव', 'जेवण' यांतला ज आहे. नजमा, नजमुद्दीन ही नावं त्याच्यावरून आली. कवितेच्या नज्ममधलं अक्षर निराळं, उर्दूत त्याला 'झोय' म्हणतात. नजर, जुलूम, जाहीर हे आपले रोजचे शब्द मुळात त्याच अक्षराचे. उर्दू लिपीत दोन्ही नज्म शेजारी लिहून पाहिले की संशय उरत नाही.

या दुसऱ्या नज्मचा मूळ अर्थ ओवणं, मोती दोऱ्यात ओळीनं घालणं. त्यावरून नीट लावणं, व्यवस्था करणं. इंतजाम त्याच धातूचा, निजामही त्याच धातूचा. ओवलेलं ते नज्म म्हणजे पद्य आणि विखुरलेलं ते नस्र म्हणजे गद्य, अशी अरबीतली जुनी जोडी आहे. आपण ओवीचं नातं ओवण्याशी लावतो, ते इथे आठवल्याशिवाय राहत नाही. उर्दूत पुढे गझल सोडून एका विषयावरच्या कवितेला नज्म म्हणायची रीत पडली. शब्दार्थापुरतं उत्तर एवढंच.

पण प्रश्नाचा खरा ऐवज जुर्जानीत आहे. त्याच्या हातात या शब्दाला जो अर्थ आला, तो मला सगळ्या अरबी साहित्यशास्त्रातला सर्वांत मोलाचा वाटतो.

अबू बक्र अब्दुल काहिर अल्-जुर्जानी हा अकराव्या शतकातला, इराणी वंशाचा. कास्पियन समुद्राच्या आग्नेयेला गुर्गान नावाचा मुलूख आहे. अरबीत ग नाही, म्हणून तो जुर्जान झाला. जुनं गुर्गान शहर आजच्या गुंबद-ए-काबूसच्या लगत होतं. काबूस राजाचा १००६ सालचा विटांचा उंच मनोरा तिथे अजून उभा आहे. त्या काळी विद्वान गुरूच्या शोधात बगदादपासून निशापूरपर्यंत पायपीट करत. जुर्जानीनं मात्र गाव सोडलं नाही असं चरित्रकार सांगतात. अबू अली अल्-फारिसी या थोर वैयाकरणाचा भाचा गुर्गानला येऊन राहिला होता, त्याच्याकडे तो शिकला. पुढे लोकच जुर्जानीकडे शिकायला येऊ लागले. मृत्यू हिजरी ४७१ मधला, म्हणजे १०७८ सालचा. काही नोंदी ४७४ सांगतात.

त्याचा पेशा व्याकरणाचा होता, हे ध्यानात ठेवायला हवं. फारिसीच्या व्याकरणग्रंथावर त्यानं मोठं भाष्य लिहिलं. शब्दाच्या अंत्य स्वरावर सत्ता चालवणाऱ्या शंभर घटकांची त्याची छोटी पुस्तिका तर भारतातल्या मदरशांतही पोचली. दर्स-ए-निजामी, म्हणजे मदरशांचा परंपरागत अभ्यासक्रम, शिकलेल्या कुणालाही 'शरह मिअत आमिल' (या पुस्तिकेवरचं भाष्य) म्हणून पाहा, लगेच ओळख पटेल.

साहित्यशास्त्रात त्याचे दोन ग्रंथ: 'असरार अल्-बलागा', वक्तृत्वाची रहस्यं, आणि 'दलाइल अल्-इअजाज', इअजाजचे पुरावे. इअजाज म्हणजे समोरच्याला हतबल करणं. आपण 'अजिजीनं विनवणं' म्हणतो, त्या अजिजीचा हा सख्खा नातलग. कुराणासारखं वचन दुसऱ्या कुणाला रचता येत नाही असा धर्मशास्त्राचा सिद्धान्त होता. ते श्रेष्ठत्व नेमकं कशात, यावर जुर्जानीच्या आधीच दोन शतकं वाद चालला होता. कुणी शब्दांच्या सौष्ठवाकडे बोट दाखवी, कुणी आशयाकडे. जुर्जानी म्हणाला, दोन्हींत नाही; ते नज्ममध्ये आहे. आणि नज्म म्हणजे काय, तर व्याकरणाच्या अर्थांचा मागोवा घेत शब्दांना एकमेकांशी बांधणं. आपण वाचलेलं 'नज्म म्हणजे व्याकरण' हे याचंच आखडलेलं रूप. विभक्तीची चूक टाळणं त्याला अभिप्रेत नाही. कर्ता आधी की क्रियापद आधी, नाम निश्चित की अनिश्चित, दोन वाक्यं 'आणि'नं जोडायची की तशीच ठेवायची, यातल्या प्रत्येक निवडीनं अर्थ बदलतो. ती निवड अचूक साधणं म्हणजे नज्म. तेव्हा या नज्मला वृत्ताची गरज नाही, ते गद्यातही असतं.

त्याची एक युक्ती फार सुंदर आहे. अरबीत 'दरब' म्हणजे मारलं. भाषा घडवणाऱ्यानं 'दरब'च्या जागी 'रबद' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? काहीच नाही. अक्षरांची ओवणी संकेतानं चालते. शब्दांची ओवणी तशी उलटीपालटी करता येत नाही, कारण शब्द जिभेवर येतात ते मनात अर्थ ज्या क्रमानं लागले त्याच क्रमानं.

दुसरं उदाहरण मराठीत जसंच्या तसं उतरतं. "बांधलंस का ते घर, जे तू बांधणार होतास?" इथे शंका बांधण्याबद्दल. "हे घर तू बांधलंस का?" इथे घर समोर उभं आहे, शंका फक्त 'तू'बद्दल. आता कुराणातला प्रसंग घ्या. मूर्ती फोडलेल्या आहेत आणि लोक इब्राहिमला विचारतात, "आमच्या देवांचं हे तू केलंस का?" फोडल्याचा पुरावा डोळ्यांसमोर आहे, म्हणून अरबीत प्रश्नार्थक शब्दाला लागून 'तू' येतो. इब्राहिमचं उत्तरही कर्त्याबद्दलच आहे: "या त्यांच्यातल्या मोठ्यानं केलं." कृतीबद्दल प्रश्न असता तर "केलं" किंवा "नाही केलं" असं उत्तर आलं असतं, असं जुर्जानी दाखवतो. असं वाचन करणारा माणूस हाडाचा वैयाकरणी तर आहेच, पण कवितेचा रसिकही आहे.

आणि ते प्रसिद्ध वाक्य. कुराणातल्या मरयमच्या अध्यायात म्हातारे पैगंबर जकरिया देवाला म्हणतात, "इश्तअलर्रासु शैबन." शब्दशः, डोकं पिकलेपणानं पेटलं. लोक म्हणत, वा, काय रूपक आहे! जुर्जानी म्हणतो, रूपक तेच ठेवून "डोक्याचं पिकलेपण पेटलं" असं म्हणून बघा, सौंदर्य कुठे जातं ते कळेल. "घरात आग पेटली" म्हटलं तर आग एखाद्या कोपऱ्यातही असू शकते. "घर आगीनं पेटलं" म्हटलं की सगळं घर ज्वाळांत. क्रिया डोक्याला लावली म्हणून एकही काळा केस उरला नाही. हे रूपकाच्या एकट्याच्या आवाक्यातलं काम नव्हतं, कर्ता बदलला म्हणून ते झालं.

'अर्थाचा अर्थ' ही त्याचीच संज्ञा. जुनी अरबी कविता एखाद्या दात्याबद्दल म्हणते, त्याच्या हंडीखाली राख फार. राख फार म्हणजे चूल सतत पेटती, म्हणजे रांधणं खूप, म्हणजे पाहुण्यांची वर्दळ, म्हणजे माणूस उदार. शब्दानं राख सांगितली, राखेनं औदार्य सांगितलं. आपल्या वाचकाला इथे नवव्या शतकातल्या आनंदवर्धनाचा ध्वनी, म्हणजे शब्दांतून सुचवलेल्या अर्थाचा सिद्धान्त, आठवेल, आणि आठवायलाच हवा. पण एकानं दुसऱ्याकडून घेतलं असं समजू नये. काश्मीरचा ध्वनी काव्याच्या आत्म्याचा शोध घेत निघाला होता, गुर्गानचा हा विचार धर्मशास्त्राच्या वादातून आणि वाक्यरचनेतून वर आला.

पुढची हकीकत थोडक्यात. सक्काकी (मृत्यू १२२९), मग कझवीनी, मग तफ्ताझानी या नंतरच्या पंडितांनी जुर्जानीचं निरीक्षण व्याख्यांत आणि पोटभेदांत बसवलं. मआनी (वाक्यरचनेचे अर्थ), बयान (उपमा-रूपकं), बदी (अलंकार) अशी तीन शास्त्रं ठरली आणि शतकानुशतकं विद्यार्थी तीच पाठ करत राहिले. शिस्त आली, पण कवितेच्या ओळीशी बसून झुंजण्याची जुर्जानीची सवय त्यात हरवली, असं माझं स्पष्ट मत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला कैरोच्या अल्-अजहर या जुन्या विद्यापीठात मुहम्मद अब्दुह या सुधारक विद्वानांनी त्याचे मूळ ग्रंथ पुन्हा शिकवायला घेतले आणि छापून आणवले. १९५४ साली हेल्मुट रिटर या जर्मन पंडितानं 'असरार'ची चिकित्सक आवृत्ती इस्तंबूलहून काढली.

आपण गझल लिहीत असाल तर या नज्मचा उपयोग थेट आहे. शेर फसला की आपल्याकडे आधी भारदस्त उर्दू शब्द शोधतात. शब्द तेच ठेवून कर्ता, क्रियापद आणि 'च', 'ही', 'तर' यांच्या जागा हलवून बघा.

शेवटी शोधताना एक सावधगिरी: जुर्जानी आडनावाचे आणखी दोघे नामवंत आहेत. अल्-मुतनब्बी या अरबी कवीच्या कवितेवरच्या वादात न्यायनिवाडा करणारे काजी अली हे आपल्या जुर्जानीच्या आधीचे. 'तारीफात' हा परिभाषाकोश लिहिणारे सय्यद शरीफ बरेच नंतरचे, मृत्यू १४१३. नज्मचा जुर्जानी हवा असेल तर 'अब्दुल काहिर' हे नाव सोबत घ्यावं.