तिसऱ्यांदा नीट? कशासाठी?

नमस्कार. तुम्ही घाटकोपरहून लिहिलंय की मुलगी टीवायला आहे, स्टॅटिस्टिक्स, बारावीनंतर दोनदा नीट दिली पण नंबर लागला नाही. आता आजीचं हार्ट फेल्युअरचं दुखणं (हृदय रक्त पुरेसं पुढे ढकलत नाही, अंगात पाणी साठतं) बघून ती म्हणते मला हेल्थ पॉलिसीत, म्हणजे विम्यात नव्हे, आरोग्य धोरणात काम करायचंय, आणि तुमचं म्हणणं आधी डॉक्टर हो, मग काय ते पॉलिसीबिलिसी कर.

खरं सांगू? मला मार्कांची काळजी वाटली नाही, तुमच्या पत्राची वाटली. त्यात तिचे मार्क आहेत, तुमच्या भाच्याचे मार्क आहेत, क्लासची फी आहे, सोसायटीत लोक काय विचारतात तेही आहे. आजीच्या आजारपणात तिला नेमकं काय खटकलं, ते मात्र कुठेच नाही. विचारलंत का कधी? दोनदा नापसंतीचा शिक्का बसलेल्या मुलीला, डिग्री हातात येत असताना परत त्याच रांगेत उभं करायचं, ही हौस तिची नाही, तुमची आहे.

आता तो गैरसमज. डॉक्टर असल्याशिवाय या क्षेत्रात कोण विचारतो, असं तुम्ही लिहिता. आईंचंच, म्हणजे तिच्या आजीचंच बघा ना, गणपतीत ऍडमिट, बऱ्या होऊन घरी, दिवाळीत पायाला सूज, दम, परत ऍडमिट. यात डॉक्टर कमी पडले का? घोळ मधल्या दोन महिन्यांत झाला. गोळ्या रोज चालू राहिल्या का, मीठ कमी झालं का, फॉलोअपला आईंना कोण घेऊन गेलं, हे बघणारं कुणी नव्हतं. सरकारची महात्मा फुले योजना मुख्यतः ऍडमिट झाल्यावरचा खर्च उचलते, महिन्याच्या गोळ्या आपल्याच खिशातून. डॅपाग्लिफ्लोझिन मूळची डायबेटिसची गोळी, 2019 च्या मोठ्या ट्रायलमध्ये डायबेटिस नसलेल्या हार्ट फेल्युअरच्या पेशंटनाही फायदा दिसला, मग भारतात पेटंट संपलं, बऱ्याच कंपन्यांनी बनवायला घेतली आणि किंमत धाडकन उतरली. म्हणजे औषध आहे, पण ते सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर मिळणार का, घरी गेलेल्या पेशंटला आठवड्याने फोन कोण करणार, त्याचे पैसे कुठल्या खात्यातून, हे स्टेथोस्कोपने ठरत नाही. त्रिवेंद्रमला 2013 मध्ये ऍडमिट झालेल्या 1,205 हार्ट फेल्युअर पेशंटची नोंद ठेवली, वर्षभरात तिघांतला जवळपास एक गेला. अशी नोंद ठेवायला, आकडे वाचायला स्टॅटिस्टिक्सवाले लागतात हो!

कोर्स म्हणाल तर देवनारलाच टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) आहे, पब्लिक हेल्थची मास्टर्स, सीयूईटी पीजी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. शेजारीच आयआयपीएस, लोकसंख्येचा अभ्यास शिकवणारी संस्था. यूपीएससीचं नाव आत्ता काढू नका प्लीज.

पण तिलाही एक सांगायचंय. आजीच्या मायेने क्षेत्र निवडलं तर सहा महिन्यांत एक्सेल शीट बघून कंटाळा येईल, यात पेशंट कमी आणि फायली जास्त. आणि एमबीबीएसएवढा पगार सुरुवातीला विसरा. म्हणून आधी सुट्टीत एखाद्या आरोग्य संस्थेत डेटा एन्ट्रीचं का होईना काम करू दे, सरकारी हॉस्पिटलच्या ओपीडीत चार सकाळी नुसतं बसू दे. टिकली तर फॉर्म भरेल, नाही टिकली तर स्टॅटिस्टिक्सवर बँका, इन्शुरन्स आहेतच.

आईंचं वजन रोज सकाळी करून वहीत लिहिता का? नसाल तर वजनकाटा आणा, दोन-तीन दिवसांत दोनेक किलो वाढलं तर थांबू नका, डॉक्टरांना फोन करा. ही वही मुलीकडे द्या. आणि पुढचं पत्र तिने लिहू दे, तुम्ही न वाचता पाठवा.