पूर्ण भूल दिलेली असताना आपल्या शरीराची काळजी कोण घेतं?

तुम्ही विचारलंय की पूर्ण भूल दिल्यावर अंगावरचे कपडे कधी आणि किती काढतात, आणि आपल्याला शुद्ध नसताना सगळे नीट वागतील याची खात्री काय. मी भूलतज्ज्ञ आहे. ही धास्ती अनेकांना असते, पण तोंडावर विचारायला संकोच वाटतो. तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत.

आधी कपड्यांचं. भूल चढेपर्यंत हॉस्पिटलचा गाऊन अंगावरच असतो. मग जिथे शस्त्रक्रिया आहे तो भाग उघडा करून जंतुनाशकाने पुसतात आणि बाकी अंगावर निर्जंतुक चादरी घालतात. लघवीची नळी घालताना किंवा मोठ्या ऑपरेशनच्या तयारीत थोडा वेळ जास्त अंग उघडं पडतं. तेवढ्या वेळात दार बंद हवं आणि ज्याचं काम नाही तो आत नको. मी याबाबत कडक आहे. त्याला वैद्यकीय कारणही आहे: भुलीत शरीराला स्वतःची ऊब राखता येत नाही, पहिल्या तासातच तापमान एखाद्या अंशाने उतरू शकतं. अंग गार पडलं की रक्तस्राव वाढतो, जखम चिघळण्याचा धोकाही वाढतो.

भुलीतल्या माणसाला कूस बदलता येत नाही, दुखतंय म्हणून सांगता येत नाही. बुबुळ कोरडं पडू नये म्हणून पापण्यांवर चिकटपट्टी लावतो. कोपराखाली मऊ गादी ठेवतो, कारण तिथली नस दबली तर पुढे करंगळी बधिर राहू शकते. श्वास, ऑक्सिजन, रक्तदाब यांवर सतत नजर असते. भूलतज्ज्ञाने शेवटपर्यंत तुमच्यापाशीच थांबायचं असतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी एक तपासणी-यादी आणली. भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि रुग्णाला बाहेर नेण्याआधी थांबून ती यादी मोठ्याने वाचायची. आठ शहरांतल्या हॉस्पिटलांत ती वापरल्यावर मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. तिच्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. ओळख झाली की सगळ्यांत नवी सिस्टरसुद्धा 'सर, थांबा' म्हणू शकते.

वाईट वागणूक कधीच होत नाही, असं मी म्हणणार नाही. शरीरावरून शेरे मारणं, मोबाइलवर फोटो काढणं हे घडलेलं आहे. भुलीतल्या स्त्रियांची अंतर्गत तपासणी त्यांना न विचारता विद्यार्थ्यांकडून करून घेतली जायची. त्याविरुद्ध कॅलिफोर्नियाने २००३ साली कायदा केला. बेशुद्ध माणसावर शिकायचं असेल तर त्याने शुद्धीत असताना हो म्हटलेलं असलं पाहिजे. यात मला कुठलीही पळवाट मान्य नाही.

म्हणून संमतीपत्र सही करण्याआधी वाचा. विद्यार्थी असतील का, फोटो किंवा चित्रीकरण होणार का, हे विचारा. नको असेल तर तिथेच 'नको' असं लिहा. तयारीच्या वेळी स्त्री कर्मचारी हवी असेल तर आधी सांगा, तातडीचं ऑपरेशन नसेल तर सहसा सोय होते. हे सगळं भूलपूर्व तपासणीत भूलतज्ज्ञाशी बोला, कारण तुम्ही झोपल्यावर तुमच्या वतीने बोलणं हे आमचंच काम आहे. आणि शुद्धीवर आल्यावर मधलं काही ऐकलेलं आठवलं, तर 'भास असेल' म्हणून गप्प बसू नका. ब्रिटनमधल्या २०१४ च्या पाहणीत साधारण १९,००० भुलींमागे एका रुग्णाने अशी जाग आल्याचं सांगितलं होतं. लगेच सांगा आणि त्याची लेखी नोंद करून घ्या.