खोल कीलची यॉट आणि कोकणचा किनारा : वाचकांची प्रश्नोत्तरे

आमच्या यॉटचा ड्राफ्ट, म्हणजे पाण्याखाली जाणारी खोली, २.१ मीटर आहे. डिसेंबरात मुंबईहून गोव्याला निघायचं म्हणतोय. मच्छीमार दाभोळ, बाणकोटच्या खाड्यांत शिरतात. आम्ही मुक्काम तिथे करावा का? पौर्णिमा गाठून निघालो तर रात्री उजेडही मिळेल.

त्या खाड्यांच्या मुखाशी वाळू साचते आणि दर पावसाळ्यात ती जागा बदलते. मच्छीमारांना ती रोजची पाठ असते, शिवाय त्यांची होडी तुमच्याइतकी खोल नसते. तुम्ही ठरलेल्या वेळेला पोचालच असं नाही, म्हणून कोणत्याही पाण्याला आत घेणारी बंदरंच निवडा. जयगडला मोठी जहाजं येतात. विजयदुर्गाच्या तोंडाशी वाळूचा अडसर नाही. मात्र किल्ल्याच्या पश्चिमेला पाण्याखाली जुनी भिंत आहे, तिला लांबून वळसा घाला. मुंबई ते जयगड साधारण १०० सागरी मैल, तिथून विजयदुर्ग ४५, पुढे गोवा साधारण ७५. पहिल्या टप्प्यात एक रात्र समुद्रावर जाणारच. गोव्यात मांडवीच्या मुखाशी धडपडण्यापेक्षा मुरगावला जावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पौर्णिमेचा बेत मात्र पुन्हा तपासा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब. पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे संध्याकाळी सहाला पूर्ण सुकती (ओहोटी), आणि तीही उधाणाची, सगळ्यात खाली जाणारी. नेमके त्याच वेळी दिवसभराचे दमलेले लोक बंदर गाठायला बघतात. अष्टमीला भरती सहाला. त्या दिवसांतलं भांगाचं पाणी कमी चढतं, पण उतरतंही कमी. चांदणं अर्धंच मिळेल, पण दिवेलागणीला कीलखाली (बोटीच्या तळाच्या खोल पात्याखाली) पाणी असेल. दक्षिणेकडे जाल तशी भरती मुंबईच्या थोडी आधी लागते आणि चढउतारही कमी होतो. मुंबईत उधाणाला चार मीटरच्या वर फरक पडतो, गोव्यात जेमतेम दोन. हा हिशेब बेत आखण्यापुरताच, निघताना भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टकं उघडा.

कीलखाली नक्की किती पाणी उरेल, हे कसं काढायचं?

समजा, उथळ जागी चार्टवर (सागरी नकाशावर) सगळ्यात कमी पाण्याची खोली ०.८ मीटर लिहिलीय आणि कोष्टकाप्रमाणे त्या वेळी भरतीची उंची २.६. एकूण ३.४. त्यातून ड्राफ्टचे २.१ वजा केले की १.३ उरतात. बाहेर एक मीटरची लाट असेल तर दोन लाटांच्या मधल्या खळग्यात बोट अर्धा मीटर खाली बसते. म्हणजे खरे उरले ०.८. चार्टवरची वाळू सरकलेली असू शकते, म्हणून मी यापेक्षा कमी पाण्यात शिरणार नाही. आणि शिरायचं ते नेहमी चढत्या पाण्यावर, भरतीच्या तासभर आधी. टेकलात तरी पाणीच उचलून घेईल. सुकतीला टेकलात तर पुढच्या भरतीपर्यंत बोट कलंडून पडते, आणि बाहेर जाणारा प्रवाह लाटेला भिडून मुखाशी फुटणाऱ्या लाटा उठतात.

एको साउंडर पृष्ठभागापासूनची खोली दाखवतोय, सेन्सरपासूनची की कीलखालची, हे निघण्याआधी शिशाचं वजन दोरीनं सोडून पडताळा. एकाच बोटीवर दोघांनी दोन अर्थ लावले, तर आकडा असून नसल्यासारखाच.

परतीला वायव्येचा वारा तोंडावर येतो. इंजिनवरच यायचं का?

नाही. खोल कील इथेच कामाला येते, बोट वाऱ्याच्या जवळ धरते आणि बाजूला कमी घसरते. पहाटे मतलई, म्हणजे जमिनीकडून येणारा वारा, सुटली की तिच्यावर किनाऱ्यापासून बाहेर सरका. दुपारी वारा वायव्येला फिरला की तो डाव्या बाजूनं घेऊन पुन्हा किनाऱ्याकडे या. दोन्ही वेळा उत्तरेकडे अंतर कापलं जातं. दोन्हींच्या मध्ये वारा पडतो, तेवढ्यापुरतं इंजिन.

रात्री जाळ्यात अडकलो तर?

इंजिन आधी न्यूट्रल, मग शिडं सैल. काठीनं दोर खाली दाबला तर बऱ्याचदा कीलखालून सुटतो. सुरी अगदी शेवटी. जवळ होडी दिसली तर हाक मारा. जाळं त्यांचं पोट आहे, आणि ते सोडवायचं कसं हेही तेच जाणतात.