व्होल्टेज म्हणजे नेमकं काय, आणि मिलिव्होल्ट, व्होल्ट, किलोव्होल्ट यांचा हिशोब कसा लावायचा?

तुमचा प्रश्न असा: डीपीच्या (शेताजवळच्या वीज ट्रान्सफॉर्मरच्या) पाटीवर ११ केव्ही म्हणजे किलोव्होल्ट, मोटरच्या पाटीवर ४१५ व्होल्ट आणि नव्या मल्टिमीटरवर मध्येच मिलिव्होल्ट. हे सगळं एकच आहे का, आणि एकाचं दुसऱ्यात कसं करायचं? मी अमळनेर तालुक्यात मोटरी रिवाइंड करतो. दुकानात येणारा प्रत्येक दुसरा शेतकरी सांगतो, "दादा, लाईट शे, पन मोटर उचलस नही." त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या कामाचा आहे.

आधी व्होल्टेज. तुमच्याकडे ठिबक असेल तर फिल्टरच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन गेज बघा. पाणी चालू असताना पहिला दीड किलो दाखवतो आणि दुसरा एक किलो. मधला अर्धा किलो फिल्टरमध्ये खर्च झाला. व्होल्टेज हा असाच दोन जागांमधला फरक आहे. "या वायरला किती व्होल्ट?" हा प्रश्नच अर्धा आहे, या वायरपासून कुठपर्यंत, ते सांगावं लागतं. मल्टिमीटरला दोन वायरी असतात त्या याचसाठी. पक्षी ११ हजारांच्या तारेवर निवांत बसतो, कारण त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात आणि त्या दोन पायांत फरक जवळपास नसतोच. पुस्तकी व्याख्याही हेच सांगते: एक कूलोम विद्युतभार एका जागेहून दुसरीकडे जाताना एक ज्यूल ऊर्जा देत असेल, तर त्या दोन जागांमध्ये एक व्होल्ट. १८०० साली पहिली बॅटरी बनवणाऱ्या इटलीच्या अलेस्सांद्रो व्होल्टावरून हे नाव पडलं.

गेजची गोष्ट पुढेही कामाला येते. पुढचा व्हॉल्व्ह बंद केला की दोन्ही गेज सारखाच आकडा दाखवतात. पाणी वाहतच नाही, मग दाब खर्च कुठे होणार? मोटरचं तंतोतंत तसंच. मोटर बंद ठेवून स्टार्टरवर मोजलं की ४०५ दिसतात आणि शेतकरी म्हणतो व्होल्टेज तर भरपूर आहे. मोटर चालू करून मोजा, तिथेच ३५० दिसतील. त्याच वेळी डीपीजवळच्या पेटीत ४०० असतील, तर मधले ५० व्होल्ट तुमच्या लांब, बारीक वायरीत उष्णता होऊन गेले. वाइंडिंग जळण्यामागे मी हे कारण फार वेळा पाहिलंय, कारण व्होल्टेज पडलं की तेवढंच पाणी उचलायला मोटर जास्त अँपिअर ओढते आणि तापते.

आता एककं. प्रत्येक पायरी हजाराची: हजार मायक्रोव्होल्टचा एक मिलिव्होल्ट, हजार मिलिव्होल्टचा एक व्होल्ट, हजार व्होल्टचा एक किलोव्होल्ट. युरियाची गोणी ४५ किलोची म्हणा की ४५,००० ग्रॅमची, गोणी तीच. लहान एककाकडे जाताना आकडा मोठा होतो, म्हणून हजारने गुणायचं. मोठ्याकडे जाताना भागायचं, म्हणजे दशांशचिन्ह तीन घरं डावीकडे. ११ किलोव्होल्ट म्हणजे ११,००० व्होल्ट. ४१५ व्होल्ट म्हणजे ०.४१५ किलोव्होल्ट. दीड व्होल्टचा सेल म्हणजे १,५०० मिलिव्होल्ट. भुसावळवरून धावणाऱ्या रेल्वेची वरची तार २५ किलोव्होल्टची, म्हणजे २५,००० व्होल्ट. एक मात्र सांभाळा: लहान लिपीतला एम म्हणजे मिली आणि मोठ्या लिपीतला म्हणजे मेगा. दोघांत एक अब्ज पटीचा फरक आहे.

या एमने मला एकदा चांगलंच फसवलं. नवा, आपोआप रेंज बदलणारा मीटर घेतला होता. एका घरच्या विहिरीवर सिंगल फेज मोटर सुरू होईना. मीटरवर १८७ दिसलं. मी सांगितलं, व्होल्टेज कमी आहे, संध्याकाळपर्यंत थांबा. दुसऱ्या दिवशीही तेच, तेव्हा कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचली: १८७ मिलिव्होल्ट. म्हणजे ०.१८७ व्होल्ट, म्हणजे लाईट नव्हतीच. किटकॅटमधली (फ्यूज बसवायच्या चिनी मातीच्या खोक्यातली) फ्यूज तार वितळली होती. त्या घरची जनावरं एक दिवस माझ्यामुळे पाण्यावाचून राहिली. तेव्हापासून मी आधी एकक वाचतो, मग आकडा.

११ केव्ही कशाला लागतात, हेही डीपीच्या पाटीवरच कळतं. १०० केव्हीएच्या (केव्हीए म्हणजे डीपी किती भार पेलू शकते त्याचं माप) डीपीवर ११,०००/४३३ व्होल्ट लिहिलेलं असतं. पूर्ण लोडवर ४३३ च्या बाजूला दर फेजला साधारण १३३ अँपिअर वाहतात, तर ११ हजारांच्या बाजूला जेमतेम सव्वापाच. तारेतला तोटा अँपिअरच्या वर्गाने वाढतो. तेवढीच वीज ४३३ व्होल्टवर त्याच तारांतून आणली असती, तर तोटा सहाशे पटींहून जास्त झाला असता. दीपनगरच्या वीज केंद्राकडून निघणाऱ्या मोठ्या टॉवर लाइनी ४०० किलोव्होल्टच्या का, याचं उत्तरही हेच.

व्होल्टचं थेट वॅट किंवा अँपिअर होत नाही. "२४० व्होल्ट म्हणजे किती वॅट" याला उत्तर नाही, सोबत अँपिअर सांगावे लागतात. केव्हीए आणि केव्ही याही दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ४१५ आणि २४० यांत मात्र नातं आहे: दोन फेजमध्ये ४१५ असतील, तर १.७३२ ने भागून फेज आणि न्यूट्रलमध्ये २४० येतात.

तुम्ही मोजायला जाल तेव्हा मीटर एसीवर आहे का ते बघा, हात आणि पाय कोरडे असू द्या, आणि पाऊस असेल तर राहू द्या. रात्रपाळीची लाईट असेल तर एकट्याने जाऊ नका. डीपीच्या ११ हजारांच्या बाजूला मीटरच काय, काठीसुद्धा न्यायची नाही. आपला मीटर ६०० किंवा १,००० व्होल्टपर्यंतचाच असतो. तिथलं काम वायरमनचं. तुम्ही स्टार्टरवर मोटर बंद असताना आणि चालू असताना तिन्ही फेजमधले आकडे घ्या, वायरीची लांबी आणि जाडी लिहा आणि इथेच टाका. वायर बदलायची की डीपीची तक्रार द्यायची, ते त्यावरून सांगता येईल.